ई-राजपत्र: नियम हाती लागतो, नियमावरचा पहारा दिसत नाही

भारत सरकारच्या ई-राजपत्र या संकेतस्थळाचे परीक्षण करावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सेवा विनाशुल्क आहे, तिला पर्याय नाही, आणि गॅझेट म्हटले की बहुतेकांना नावात बदल करून घेण्याची खटपट तेवढी आठवते. तरीही आपल्या दैनंदिन व्यवहारावर बंधने घालणाऱ्या मजकुराचा फार मोठा भाग संसदेत कलमवार चर्चा होऊन आलेला नसतो. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात मंत्रालये आणि नियामक संस्था यांनी केलेले नियम, विनियम, आदेश व अधिसूचना या स्वरूपात तो येतो आणि प्रथम प्रसिद्ध होतो तो येथेच. त्यामुळे या सेवेची पारख दोन बाजूंनी करावी लागते. नियम प्रसिद्ध करण्याचे काम ती कसे करते, ही एक बाजू. आणि त्या नियमावर संसदेचे व न्यायालयांचे जे नियंत्रण असायला हवे, त्याचा माग तिच्या आधारे नागरिकाला काढता येतो का, ही दुसरी. पहिल्या कामात ती चोख आहे. दुसऱ्या कामात वापरणाऱ्याला जवळजवळ रिकाम्या हाताने परतावे लागते.

प्रत्यायुक्त विधिविधान, म्हणजे सोप्या भाषेत दुय्यम कायदे, ही संसदीय पद्धतीची अपरिहार्य गरज आहे. अर्जाचा नमुना, शुल्क, मुदती, तांत्रिक निकष या गोष्टी संसदेने अधिनियमात लिहीत बसावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. म्हणून अधिनियमात ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असे शब्द येतात आणि पुढचे काम कार्यकारी मंडळाकडे जाते. मात्र हे सोपवणे बेलगाम नसते. दिल्ली कायदे अधिनियमाबाबत राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिप्रायात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली जी मर्यादा आखली, तिचे सार असे की कायद्याचे मूळ धोरण ठरवण्याचे काम विधिमंडळाला दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. तपशील भरण्याचे काम सोपवता येते. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांपैकी नियम ७० नुसार अधिकार सोपवणाऱ्या प्रत्येक विधेयकासोबत तसे सांगणारे ज्ञापन जोडावे लागते. महाराष्ट्राच्या विधेयकांत शेवटी ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ या मथळ्याखाली येते ते हेच. ते वाचण्याची सवय अगदी थोड्यांना असते. आणि ज्यांना असते, त्यांनाही ‘हे अधिकार सामान्य स्वरूपाचे आहेत’ या ठरीव वाक्याखेरीज त्यात फारसे काही सापडत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. केंद्राच्या दुय्यम कायद्यांसाठी राजपत्राचा भाग दोन, खंड तीन महत्त्वाचा. त्याच्या पहिल्या उपखंडात सर्वसाधारण सांविधिक नियम येतात, दुसऱ्यात सांविधिक आदेश. पहिल्यांना हिंदीत सा.का.नि. आणि इंग्रजीत जी.एस.आर. असा क्रमांक असतो, दुसऱ्यांना का.आ. किंवा एस.ओ.; क्रमांकापुढे कंसात अ किंवा ई असेल, तर तो असाधारण अंकातला मजकूर समजावा. एखादा अंक उघडला की माथ्यावर ‘असाधारण’, त्याखाली भाग आणि खंड, मग ‘प्राधिकार से प्रकाशित’, तारीख भारतीय सौर दिनांकासह, आणि वरच्या बाजूला सी.जी.-डी.एल.-ई. या अक्षरांनी सुरू होणारा ओळखक्रमांक. त्या क्रमांकातले मधले आठ अंक म्हणजे प्रसिद्धीचा दिवस, महिना आणि वर्ष. ही मांडणी एकदा अंगवळणी पडली की कुणी समाजमाध्यमावर पाठवलेली ‘अधिसूचना’ खरी की बनावट, हे चुटकीसरशी कळते: क्रमांक टाकावा आणि अंक निघतो का ते पाहावे. मंत्रालय, भाग व खंड, तारखेची मर्यादा अशा वाटांनीही शोध घेता येतो. नोंदणी करावी लागत नाही, शुल्क नाही, अंक उतरवून घेता येतो. एवढ्यापुरते पाहिले, तर अनेक सशुल्क विधी-सेवांपेक्षा येथे अधिक विश्वासार्ह मजकूर मिळतो, कारण त्यांचा मूळ स्रोतही हाच आहे.

दुरुस्ती करणारी अधिसूचना उघडली, तर शेवटची बारीक अक्षरांतली टीप चुकवू नये. मूळ नियम राजपत्रात कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने आले आणि त्यांत शेवटची दुरुस्ती कोणत्या क्रमांकाने झाली, हे तेथे दिलेले असते. दुय्यम कायदे तपासणाऱ्या संसदेच्या समितीच्या शिफारशींमुळे ही टीप रूढ झाली आणि माझ्या मते समितीने वाचकांवर केलेला हा सर्वांत मोठा उपकार आहे. संकेतस्थळ सर्व दुरुस्त्या मिळवून एकत्रित नियम देत नाही. त्यामुळे या टिपेचे बोट धरून एकेक अंक मागे जात राहावे लागते. जुन्या अंकांपैकी बरेचसे छापील पानांच्या प्रतिमा आहेत, त्यांच्या मजकुरात शब्द शोधता येत नाही. एकत्रित नियम हवे असतील, तर इंडिया कोड या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळाकडे जावे. तेथे अधिनियमाच्या कलमांशी नियम आणि अधिसूचना जोडण्याची सोय आहे.

राजपत्रातील प्रसिद्धीला एवढे वजन का, हे सांगणारा खटला मुंबईतलाच आहे. २८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे झुरिकहून मनिलाला निघालेले विमान सांताक्रूझला उतरले. मेयर हान्स जॉर्ज हा प्रवासी विमानाबाहेर पडलाही नव्हता. परंतु झडतीत त्याच्या जाकिटातून चौतीस किलो सोने निघाले. वाटेत भारतात थांबणाऱ्या सोन्याबाबत अट घालणारी रिझर्व्ह बँकेची ८ नोव्हेंबरची अधिसूचना भारताच्या राजपत्रात २४ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली होती, म्हणजे अवघ्या चार दिवसांपूर्वी. परदेशातून निघालेल्या माणसाला ती कशी ठाऊक असणार, हा बचाव उच्च न्यायालयात टिकला, सर्वोच्च न्यायालयात बहुमताने फेटाळला गेला. नियम लागू होण्यासाठी तो राजपत्रात प्रसिद्ध होणे पुरेसे आहे, तो प्रत्येकाच्या वाचनात आलाच पाहिजे असे नाही, हे तत्त्व या निकालाने रुळले. त्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे: हरला विरुद्ध राजस्थान राज्य या १९५१ च्या निकालाप्रमाणे, कधी प्रसिद्धच न केलेल्या कायद्याखाली कोणाला शिक्षा करता येत नाही.

छपाई होती तोवर ही व्यवस्था कागदावर ठीक, व्यवहारात अडचणीची होती. अधिसूचनेवरची तारीख एक, छापखान्यातून अंक बाहेर पडण्याचा दिवस दुसरा आणि तो विक्रीला येण्याचा तिसरा, असे घडे आणि त्यावरून खटलेही होत. १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्राचे राजपत्र कागदावर छापणे थांबले आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ८ च्या आधारावर संकेतस्थळावरील अंक हाच अधिकृत अंक झाला. या बदलाचा खरा अर्थ पुलवामा हल्ल्यानंतरच्या एका प्रकरणात समोर आला. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना निघाली आणि राजपत्रात चढली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी त्याआधी अटारी येथे आयातदारांनी आपली कागदपत्रे रीतसर दाखल केली होती. अधिसूचना त्या तारखेची असल्याने ती मध्यरात्रीपासूनच लागू, असे सरकारचे म्हणणे होते. जी. एस. चठ्ठा राइस मिल्स प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि इलेक्ट्रॉनिक राजपत्राच्या युगात प्रसिद्धीचा नेमका क्षण महत्त्वाचा ठरतो, असा निर्णय दिला. अंकाच्या शेवटी असलेल्या अंकीय स्वाक्षरीतील तास, मिनिटे आणि सेकंद म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. या एका गुणासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देतो: कागदी राजपत्राला जे कधीच जमले नसते, ते येथे आपोआप नोंदले जाते.

सेवेची दुसरी बाजू तपासण्यासाठी एकाच घराण्यातील नियम घेतले: समाजमाध्यमे आणि इतर मध्यस्थ, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर पोचवणाऱ्या, कंपन्यांविषयीचे. या नियमांचा पहिला अंक एप्रिल २०११ मधला, सा.का.नि. ३१४. त्यानंतर २५ फेब्रुवारी २०२१ ला संपूर्ण नवे नियम, सा.का.नि. १३९. त्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि पुन्हा ६ एप्रिल २०२३ रोजी दुरुस्त्या. हे सर्व राजपत्रात आहे. मधल्या काळात या नियमांचे काय झाले, ते मात्र राजपत्रात नाही, आणि नियंत्रणाची सारी कथा त्या मधल्या काळातच घडलेली आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ८७ मध्ये नेहमीची तरतूद आहे: केंद्राने केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे, अधिवेशन चालू असताना एकूण तीस दिवस ठेवला जाईल, हे तीस दिवस एकाच किंवा लागोपाठच्या दोन वा अधिक अधिवेशनांत मिळून भरले तरी चालतील, आणि दोन्ही सभागृहांनी फेरबदल किंवा रद्द करण्याचे ठरवल्यास नियमाचा अंमल त्यानुसार बदलेल, मात्र तोवर त्याखाली झालेल्या कृतींना बाधा येणार नाही. म्हणजे नियम आधी लागू होतो आणि संसद नंतर पाहते. ‘पटलावर ठेवणे’ हा विधी पाहण्यासारखा असतो: लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास संपला की मंत्री एकामागून एक उठून कागदपत्रे पटलावर ठेवत असल्याचे सांगतात आणि काही मिनिटांत डझनावारी अधिसूचना संसदेपुढे ‘आलेल्या’ असतात. त्यांपैकी एखादी रद्द व्हावी असे वाटले, तर सदस्याला प्रस्ताव आणावा लागतो. २०११ च्या नियमांबाबत तसे घडले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे पी. राजीव यांनी राज्यसभेत हे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला, १७ मे २०१२ रोजी त्यावर खरीखुरी चर्चा झाली आणि प्रस्ताव फेटाळला गेला. पुढे २०१३ मध्ये दुय्यम कायदे तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीनेही या नियमांवर अहवाल दिला. मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील महत्त्वाच्या उपनियमाचा अर्थ मर्यादित केला. २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे ठरवण्याचे काम सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाकडे दिले. ती मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते भिन्न झाली, आणि तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदुरकर यांच्या २० सप्टेंबर २०२४ च्या मताने पारडे फिरले. ही दुरुस्ती समानता व अभिव्यक्ती यांच्या हक्कांचा भंग करणारी आणि मूळ अधिनियमाने दिलेल्या अधिकाराच्या बाहेरची ठरली.

इतके सारे होऊनही ई-राजपत्रातला ६ एप्रिल २०२३ चा अंक जसाच्या तसा आहे. राजपत्र ही नोंदवही असल्यामुळे तिच्यातील मजकूर कोणी बदलू नये, हे मान्यच करावे लागेल. पण अंकाच्या यादीत, अंकाला हात न लावता, ‘पटलावर ठेवल्याचा दिनांक’, ‘समितीचा अहवाल’, ‘न्यायालयीन निर्णय’ अशा तीन नोंदी जोडता आल्या असत्या. त्या नसल्याने कायदा न शिकलेला वाचक अंक उघडतो, नियम वाचतो आणि तो आजही तसाच लागू आहे, असे धरून चालतो.

ज्या समितीचा उल्लेख वर आला, तिच्याविषयी सामान्य वाचकाला जवळजवळ काहीच माहिती नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लोकसभेची ही समिती १९५३ मध्ये स्थापन झाली, राज्यसभेची १९६४ मध्ये. प्रत्येकीत पंधरा सदस्य असतात आणि लोकसभेच्या समितीवर मंत्र्याला नेमता येत नाही. महाराष्ट्र विधिमंडळातही याच कामासाठी उपविधान समिती आहे. नियम अधिनियमाच्या हेतूला धरून आहे का, जी गोष्ट अधिनियमातच असायला हवी होती ती नियमात घुसवली आहे का, त्याने कर लादला जातो का, न्यायालयाचे दार बंद होते का, अधिनियमाने मुभा दिली नसताना तो मागील तारखेपासून लागू केला आहे का, प्रसिद्धीस किंवा पटलावर ठेवण्यास विनाकारण उशीर झाला का, हे ती तपासते. सरकारचे धोरण चांगले की वाईट, या वादात ती पडत नाही. आणि म्हणूनच पक्षभेद बाजूला ठेवून तिचे काम चालू शकते. अधिनियम अमलात आल्यापासून सहा महिन्यांत नियम करावेत आणि न जमल्यास समितीकडून मुदतवाढ मागावी, हा तिचा दंडक. त्याचे काय होते, हे नागरिकत्व सुधारणा अधिनियमावरून दिसते. अधिनियम डिसेंबर २०१९ चा, अंमल १० जानेवारी २०२० पासून आणि नियम ११ मार्च २०२४ चे. मधली चार वर्षे गृह मंत्रालय दोन्ही समित्यांकडून मुदतवाढी घेत राहिले. ई-राजपत्रात हा अधिनियम, अंमलाची अधिसूचना आणि नियम, असे तीन अंक मिळतात. मुदतवाढींचा मागमूसही लागत नाही. समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर वेगळे शोधावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या अॅटलस सायकल प्रकरणातील निर्णयाप्रमाणे, नियम पटलावर ठेवला नाही तर तो अवैध ठरेल असे अधिनियमात म्हटले नसेल, तर तेवढ्या चुकीने नियम रद्द होत नाही. न्यायालय या उणिवेकडे पाहणार नसेल, तर ती निदान जनतेला दिसावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

ही अपेक्षा हवेतली नाही, हे दाखवण्यासाठी ब्रिटनचे सरकारी विधी-संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथे संसदेच्या पूर्वसंमतीशिवाय लागू होणाऱ्या सर्वसाधारण दुय्यम कायद्याच्या माथ्यावरच तीन तारखा छापलेल्या असतात: केव्हा केला, संसदेपुढे केव्हा ठेवला, अंमल केव्हापासून. बहुतेकांसोबत नियम का केला हे सांगणारे ज्ञापन वाचायला मिळते. अर्थात ब्रिटिश संसदेचा वचक फार मोठा आहे, असा याचा अर्थ नव्हे. कॉमन्स सभागृहाने असा एखादा दस्तऐवज रद्द केल्याची शेवटची घटना १९७९ ची आहे. परंतु तेथे निदान पाहणाऱ्याला पाहता येते.

भाषेच्या बाबतीत मराठी वाचकाची थोडी अडचण होते. केंद्राचा अंक आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत असतो. हिंदी मजकूर इतका बोजड की शेवटी इंग्रजीकडेच वळावे लागते. केंद्रीय कायद्यांचे आणि त्यांखालील नियमांचे प्रादेशिक भाषांतले अनुवाद प्राधिकृत करण्याची सोय १९७३ च्या अधिनियमाने केलेली आहे. ई-राजपत्रावरील केंद्रीय नियम मात्र मराठीत मिळत नाहीत. महाराष्ट्र शासनाचे राजपत्र वेगळे निघते आणि ते मराठीत वाचता येते, हा दिलासा मोठा आहे.

एकूण, पाचपैकी साडेतीन गुण. वकील, कंपनी सचिव, सनदी लेखापाल यांनी तर ही सेवा वापरावीच. गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, छोटे उद्योजक आणि वार्ताहर यांनीही थोडा सराव करावा. सर्वांत उपयोगी पडेल तो शोध मसुद्यांचा. ज्या अधिनियमात पूर्वप्रसिद्धीची अट असते, तेथे सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २३ नुसार नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. हे मसुदे अंतिम नियमांच्या यादीतच मिसळलेले असतात. त्यांच्यासाठी वेगळा कप्पा नाही. आपल्याशी संबंधित मंत्रालय निवडावे, भाग दोन, खंड तीन, उपखंड एक ठरवावा, गेल्या महिन्याभरातले अंक काढावेत आणि ‘प्रारूप’ हा शब्द पाहावा. मसुदा सापडल्यास त्यातील पहिल्या परिच्छेदात हरकतींची मुदत आणि पत्ता दिलेला असतो. अनेकदा ही मुदत अंकाच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्यापासून मोजायची असते, म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी शेवटच्या पानावरील अंकीय स्वाक्षरीची तारीख पाहून घ्यावी आणि हरकतीच्या पत्रात अंकाचा ओळखक्रमांक लिहावा.